समुद्रकिनारी राहायचं की मोठ्या शहरात नोकरी? नागपूरकरांनो, बोला

अंबाझरीकर (२६ मे, दुपारी ३.१०)

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, कालपासून लागला. कूलरच्या टाकीत आज तिसऱ्यांदा पाणी भरून लिहायला बसलोय, त्यामुळे विषय जरा उन्हातला वाटला तर सांभाळून घ्या.

वय २९. शिक्षण नागपुरात, मग पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग. २०२० मध्ये लॅपटॉप पाठीला लावून घरी आलो आणि दोन वर्षं मनीषनगरच्या मागच्या खोलीतून काम केलं. मग कंपनीने बोलावलं. आता आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीत हजेरी. सध्या सुट्टीवर घरी आहे.

हातात दोन गोष्टी आहेत. एक बंगळूरची ऑफर. पगार चांगलाच वाढतो, हुद्दाही वाढतो, ऑफिस पाचही दिवस. दुसरी एका छोट्या कंपनीची. पगार आजच्यापेक्षा कमी, पण काम कुठूनही करा. आणि ‘कुठूनही’ म्हटलं की मला मालवण दिसतं. गेल्या डिसेंबरात तिथे दहा दिवस होतो. सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढतात ते मोठं जाळं) ओढताना बघायची, नऊला लॅपटॉप उघडायचा, संध्याकाळी पुन्हा पाण्यावर. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आई-बाबांचं म्हणणं, कुठेही जा पण एकदाचं ठरव. लग्नाचं बघणं चालू आहे आणि मुलीकडचे पहिला प्रश्न ‘मुलगा असतो कुठे?’ हाच विचारतात. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी लिहा. ज्यांनी केलं नाही ते लिहितीलच.

---

काय_बे_भाऊ (२६ मे, ३.२२)

अबे, ४५ मध्ये बसून समुद्राचा धागा काढून राहिला! याले उष्माघात म्हणतात. फुटाळ्यावर जा, कणीस खा, पाण्याकडे पाह्य, घरी ये. प्रश्न मिटला.

---

झिरो_माईल (२६ मे, ३.५०)

थोडं अवांतर. नकाशावर सरळ रेघ मारली तर नागपूरला अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ आहे. काकिनाडा-विशाखापट्टणमची बाजू मुंबईपेक्षा शंभरेक किलोमीटरने कमी भरते. पण नागपूरकराला समुद्र म्हटलं की कोकण नाहीतर गोवाच आठवतो, कारण सहल तिकडेच गेलेली असते. समुद्र आणि नोकरी दोन्ही हवं असेल तर विशाखापट्टणम, कोची, चेन्नई ही नावंही यादीत घे. मालवण आणि बंगळूर अशी दोनच टोकं कशाला?

---

पाचवा_माळा (२६ मे, ४.३५)

आणि मुंबई काय डोंगरावर आहे का? मी नंदनवनचा, अकरा वर्षं कांदिवलीत. समुद्र घरापासून सहा-सात किलोमीटरवर. शेवटचा कधी पाहिला सांगू? फेब्रुवारीत, नागपूरहून मावशी आली होती म्हणून.

---

अंबाझरीकर (२६ मे, ४.४१)

मुंबईचा समुद्र नको. मला चपला घालून दोन मिनिटांत पोचता येईल असा पाहिजे.

---

आंबा_फाटा (२६ मे, रात्री ९.१५)

मी उलट दिशेचा माणूस. गाव देवगड तालुक्यात, सध्या बुटीबोरीच्या कारखान्यात, चार वर्षं नागपुरात.

तुम्हाला चपला घालून दोन मिनिटांत समुद्र पाहिजे ना, तसा माझ्या घरापासून आहे. आणि माझ्या बरोबरीचे वाडीतले सगळे पोरगे कुठे आहेत? परळ, विरार, पुणे, एक दुबई. वाडीत उरलेत म्हातारे आणि गणपतीची वाट बघणाऱ्या बंद खोल्या. आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी गडी ठेवतो आम्ही, कारण घरचा तरणा माणूस शिल्लक नाही. मुंबईला नोकरी करून सणाला गावी येणाऱ्याला आमच्याकडे चाकरमानी म्हणतात. त्यासाठी वेगळा शब्द पडावा लागला, यावरून किती पिढ्या हे चाललंय ते समजा.

तुम्ही येऊ नका असं म्हणत नाही, जरूर या. पण तुमच्या डिसेंबरच्या दहा दिवसांत काय नव्हतं ते सांगतो. पाऊस नव्हता, मासेमारीची बंदी नव्हती, आजारपण नव्हतं आणि लाईट गेली असेल तर तासाभरात आली असेल.

---

आकडेमोड (२७ मे, सकाळी ७.०५)

आंबा_फाटा म्हणतात ते जनगणनेतही आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला. सिंधुदुर्ग ८.६८ वरून ८.४९ लाखांवर. आणि गंमत म्हणजे मुंबई शहर जिल्हाही घटला, ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर. तिन्ही किनाऱ्यावरचे. त्याच काळात पुणे जिल्हा ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेला. आपला नागपूर जिल्हा ४०.६७ वरून ४६.५३ लाख.

अजून एक. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६. निसर्ग काही तिथे वेगळा नाही. पुरुष बाहेरगावी नोकरीला. आकडे जुने आहेत, पण त्यानंतर जनगणनाच झाली नाही तर आणू कुठून?

‘तरुणांना काय आवडतं’ असं विचारलंत तर सगळे समुद्र म्हणतील. राहायला कुठे गेले ते वरच्या आकड्यांत बघा.

---

काय_बे_भाऊ (२७ मे, ७.३०)

सकाळी सकाळी जनगणना! पहिले तर्री पोहे खा ना भाऊ.

---

मानेवाडा_ते_मांडवी (२७ मे, दुपारी १२.४०)

हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. माहेर मानेवाडा. बँकेत अधिकारी आहे, बदली होऊन रत्नागिरीला आले, तिसरं वर्ष चालू आहे. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, लांबलं तर माफ करा.

आधी उन्हाचं. इथे मेमध्ये पारा ३३-३४ च्या वर फारसा जात नाही. आले तेव्हा मीही हसले होते, याला का उन्हाळा म्हणतात? नागपूरहून ट्रकमध्ये आमचा लोखंडी कूलर आणला होता, नवीन वाळा लावून. पहिल्याच रात्री कळलं. नागपूरची मेमधली हवा कोरडी ठणठणीत, म्हणून कूलरमधलं पाणी उडतं आणि वारा गार होतो. इथली हवा आधीच पाण्याने भरलेली. पाणी उडेल कुठे? कूलर लावला की खोलीत नुसती ओल. सकाळी उशीची खोळ पिळावी अशी दमट. आता त्यात मी कोथिंबीर लावलीय. ३४ मध्ये इथे जो घाम येतो तो आपल्याकडे ४४ मध्ये येत नाही, कारण आपल्याकडे तो वाळतो तरी.

पावसाचं. नागपूरला वर्षभरात साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पडतो, इथे तीन हजारांच्या वर. जूनमध्ये लग्नातल्या कोल्हापुरी चपला कपाटात ठेवल्या, ऑगस्टमध्ये काढल्या तर वर हिरवट मखमल. पर्सची तीच गत. तूरडाळ, रवा, पापड सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात. आईने पाठवलेल्या सांडया आणि कुरडया दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकल्या नाहीत. खारं वारं वेगळंच. ॲक्टिव्हाच्या स्टँडची स्प्रिंग दोन वर्षांत गंजून तुटली. घरमालक दर दोन वर्षांनी ग्रिलला रंग देतात, मला आधी हौस वाटायची.

आणि तीन हजार मिलिमीटर पडूनही आसपासच्या गावांत एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. खाली जांभा आहे, पाणी धरून ठेवत नाही, सरळ समुद्रात जातं. आपल्याला वाटतं दुष्काळ विदर्भातच.

आता चांगलं. संध्याकाळी साडेपाचला शटर खाली, सहाला मी मांडवीच्या जेट्टीवर. रोज. हे मी सुट्टीतलं सांगत नाहीये, आठवड्यातले पाच दिवस तरी. नागपुरात कामावरून घरी यायचे तेव्हा सीताबर्डीच्या सिग्नललाच डोकं उठायचं. इथे आल्यापासून डोकेदुखीची गोळी बंद झाली. मासळी बाजारात ओळखीची मावशी आहे, माझ्या तोंडून ‘कापून दे ना वं’ निघालं की अजून हसते. भाड्यात जे वाचतं त्यातून कर्ज लवकर फिटतंय.

पण माझा पगार बँकेचा आहे. तो रत्नागिरीतून येत नाही आणि रत्नागिरीवर अवलंबून नाही. माझा नवरा मेकॅनिकल इंजिनियर, त्याला इथे पटेल अशी नोकरी मिळाली नाही. तो पुण्यात, मी इथे. शनिवार-रविवार कधी तो घाट उतरतो, कधी मी चढते. समुद्र एकटीनेच बघते बहुतेक वेळा.

म्हणून एकच सांगते. जुलैमध्ये ये. डिसेंबरात कोणालाही मालवण आवडेल. पूर्ण जुलै राहा, काम चालू ठेवून राहा, मग लिही.

---

अंबाझरीकर (२७ मे, १.१५)

ताई, हे कापून ठेवण्यासारखं लिहिलंय. जुलैचं मनावर घेतो. कूलरमध्ये कोथिंबीर हे आईला सांगितलं, ती मुलं-बाळं विचारून राहिली तुमची :)

---

मानेवाडा_ते_मांडवी (२७ मे, रात्री ८.०२)

कोथिंबीरच आहे सध्या, काकूंना सांग.

---

सिल्क_बोर्डवरून (२८ मे, रात्री १२.२०)

मी रामदासपेठची, आठ वर्षं बंगळूरात. कोणी या बाजूचं बोललं नाही म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. सोमवारी सकाळी बोलावलं, दुपारी ॲक्सेस बंद. कंपनीचं नाव घेत नाही, आता उपयोगही नाही. पण त्याच संध्याकाळी माझ्या जुन्या टीमच्या तीन जणांनी फोन केले. एकीने तिच्या मॅनेजरशी कॉफीवर भेट घडवली, दुसऱ्याने घरी बोलावून माझा सीव्ही नीट करून दिला. सातव्या आठवड्यात नवीन नोकरी. हे सगळं पाच-सहा किलोमीटरच्या परिघात झालं.

मोठ्या शहरात पगार पहिल्या नोकरीचा बघतात लोक. मी म्हणते, दुसऱ्या नोकरीसाठी शहर पाहिजे. पहिली कॅम्पसमधून मिळते, दुसरी ओळखीतून. मालवणमध्ये बसून छोट्या कंपनीचं काम करशील आणि ती कंपनी उद्या म्हणाली की सगळे ऑफिसला या, नाहीतर नमस्कार, तर तुझ्या वाडीत चहा प्यायला समव्यवसायी कोण आहे?

बाकी बंगळूरची ट्रॅफिक, भाडं, डिपॉझिट यावर मी स्वतंत्र धागा काढू शकते. हवा मात्र छान आहे. मेमध्ये रात्री पांघरूण घेते, जळा!

---

काय_बे_भाऊ (२८ मे, ७.१०)

जळून राहिलो.

---

निवृत्त_काका (२८ मे, सकाळी १०.३०)

दोन्ही बाजूंनी तरुण मंडळी बोलली. तिसऱ्या बाजूचं थोडं.

आमचं घर अंबाझरी लेआउटच्या भागात. मुलगा बंगळूरला, मुलगी परदेशी. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवत असेल सर्वांना. तलाव ओसंडला, नाग नदीने पात्र सोडलं. आम्ही झोपलेलो, हिला पलंगाखाली हात लागला तर पाणी. उजेड नव्हता. मी ६८ वर्षांचा, हिचे गुडघे गेलेले. मुलगा फोनवर होता, सतत होता, त्याला दोष नाही. पण शेजारच्या वर्मांच्या घरी भाड्याने राहणारी मेडिकलची दोन मुलं आली आणि त्यांनी हिला खुर्चीसकट वरच्या मजल्यावर नेलं. पुसदची होती. त्यांचे आई-बाप त्या रात्री पुसदला एकटे असतील.

सकाळी मुलगा म्हणाला, बाबा मी नागपूरला येतो, मिहानमध्ये बघतो. बघितलं त्याने. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल इथे आहेत हे मलाही माहीत. पण त्याचं जे नेमकं काम आहे ते त्याला इथे मिळालं नाही. विषय संपला.

तुम्ही समुद्र की शहर विचारताय. मला फक्त इतकं विचारायचंय की रात्री दोनला फोन आला तर नागपूरला पोचायला किती तास?

---

झिरो_माईल (२८ मे, ११.४५)

काकांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. बंगळूर-नागपूर विमान दोन तासांच्या आत, म्हणजे सकाळपर्यंत घर. पुण्याहून विमान मिळालं तर ठीक, नाहीतर वंदे भारत पकडा. ऑगस्ट २०२५ पासून आहे, अजनी-पुणे १२ तास. मुंबईहून समृद्धीने गाडी घेऊन आठ-नऊ तास, ७०१ किलोमीटर.

मालवणहून मात्र वाईट. गाडीने १८-२० तास. मडगाव-नागपूर स्पेशल आठवड्यातून दोनदा, ती कोकण रेल्वेने वर जाऊन कल्याण-नाशिक-भुसावळ असा सगळा महाराष्ट्र दाखवत एक दिवसाहून जास्त घेते. त्यातल्या त्यात गोव्यातल्या मोपाच्या विमानतळापर्यंत टॅक्सी आणि तिथून विमान बदलत.

योगायोग बघा, ११ डिसेंबर २०२२ ला एकाच दिवशी नागपुरात समृद्धीच्या पहिल्या टप्प्याचं आणि गोव्यात मोपाचं उद्घाटन झालं. एकाच पाहुण्याच्या हस्ते. सकाळी नागपूर, संध्याकाळी गोवा. तसा प्रवास आपल्याला जमत नाही, एवढंच.

---

कोराडी_एक्सप्रेस (२८ मे, १२.१०)

शक्तिपीठ महामार्ग झाला की आठ-दहा तासांत गोवा! पवनार ते पत्रादेवी, आठशेहून जास्त किलोमीटर. मग काकांची काळजी मिटली.

---

आंबा_फाटा (२८ मे, १२.३२)

झाला की. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो. आता माझा मुलगा बालवाडीत आहे.

---

इरई_काठ (२८ मे, १२.५०)

शिवाय कोल्हापूरकडचे शेतकरी जमीन द्यायला तयार नाहीत, त्यांची बाजू कोणी बघायची? तुम्हाला वीकेंडला गोवा पाहिजे म्हणून त्यांचा ऊस...

---

संपादक (२८ मे, दुपारी १.०५)

शक्तिपीठवर वेगळा धागा आहे, साडेचारशे प्रतिसादांचा. तिकडे जा. इथे विषयावर राहा.

---

नांदीची_मुलगी (२९ मे, रात्री ११.००)

दोन ओळी मुलीकडच्या बाजूने, कारण मीही सध्या ‘बघण्यात’ आहे. स्थळ ‘मालवणहून काम करतो’ म्हणून आलं तर माझे बाबा आधी विचारतील, घर कोणाचं? कोकणात जुन्या घरांच्या, जमिनींच्या सातबाऱ्यावर वीस-वीस हिस्सेदार असतात, एकाची सही राहिली की व्यवहार अडला. शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. किनाऱ्याला अगदी लागून बांधायचं तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांची भानगड. म्हणजे बरीच वर्षं भाड्यानेच. मला चालेल. मी भरतनाट्यमचा क्लास घेते, मला पाऊस आवडतो. पण तिथे माझ्या क्लासला दहा मुली येतील का, हे स्थळाने विचारलेलं मला आवडेल. अजून एकानेही विचारलं नाही.

---

अंबाझरीकर (२९ मे, ११.२५)

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. सगळं माझ्या लॅपटॉपभोवती फिरत होतं. धन्यवाद.

---

काय_बे_भाऊ (२९ मे, ११.२७)

संपादक साहेब, इथे सोयरीक जुळून राहिली, धागा बंद करू नका.

---

अंबाझरीकर (९ ऑगस्ट, सकाळी ९.४०)

धागा वर काढतोय. बरेच जण निरोपात विचारत होते.

मॅनेजरला गयावया करून चार आठवडे घरून काम मागितलं आणि पूर्ण जुलै मालवणजवळ राहून आलो. भाड्याची खोली, वर कौलं, मागे माड.

मांडवीताई, प्रत्येक अक्षर खरं. लेदरच्या बुटांवर सतराव्या दिवशी बुरशी. कपडे वाळत नाहीत, इस्त्रीने वाळवायचे, त्यासाठी लाईट पाहिजे आणि लाईट म्हणजे नशीब. १ जून ते ३१ जुलै होड्या बंद, त्यामुळे ज्या माशांसाठी गेलो ते मिळेनात. मालकीणबाईंनी सुकटाची, म्हणजे सुक्या मासळीची किसमूर केली, पहिल्या दिवशी वासाने हैराण झालो, शेवटच्या आठवड्यात मागून खाल्ली.

एकदा सलग पावणेदोन दिवस वीज नव्हती. फोनच्या हॉटस्पॉटवर भागवलं, मग फोनही संपला. बाजारातल्या एका बेकरीत इन्व्हर्टर होता. तिथे पिठाच्या पोत्यांवर बसून क्लायंटचा कॉल घेतला. मागून नानकटाईच्या ट्रे आपटायचा आवाज. अमेरिकेतल्या बाईंनी विचारलं, सगळं ठीक ना? म्हटलं, बांधकाम चालू आहे.

आणि तरी. एक दिवस दुपारी चारला पाऊस थांबला, लॅपटॉप तसाच टाकून खाली गेलो. समुद्र मातकट, चिडलेला, डिसेंबरातला निळा बिळा काही नाही. किनाऱ्यावर एक माणूस नव्हता. मी तासभर उभा होतो. काय बघत होतो सांगता येणार नाही. पण तो तास पुण्यात मिळाला नसता, आणि खरं सांगायचं तर बंगळूरच्या पगारातही.

बंगळूरची ऑफर थांबली नाही, त्यांनी दुसरा माणूस घेतला. छोट्या कंपनीला अजून उत्तर दिलेलं नाही. काकांचा प्रश्न रोज आठवतो. बाबांना जुलैत दोन दिवस ताप होता, मला चौथ्या दिवशी कळवलं.

एक मात्र सांगायचंच राहिलं. घरमालकांचा मुलगा, वय २३, डिप्लोमा केलेला. पहिले दोन आठवडे माझ्याशी लाजून बोलायचा. तिसऱ्या आठवड्यात रात्री ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, दादा, पुण्यात तुमच्या कंपनीत काही असेल तर बघा ना. मी त्याला समुद्राचं कौतुक सांगायला लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पण तुम्ही तरी इथे किती दिवस राहणार?

त्याचा सीव्ही मी पुढे पाठवला. शुक्रवारी पहिला इंटरव्ह्यू आहे.

---

आंबा_फाटा (९ ऑगस्ट, १०.०५)

त्याला सांगा, हिंजवडीत खोली घेताना टँकरचं पाणी आहे का ते आधी विचार. गावची सवय असेलच.

---

काय_बे_भाऊ (९ ऑगस्ट, १०.११)

आणि ते नृत्याच्या क्लासवाल्या ताईंचं काय झालं भाऊ? खरं ते सांग.

---

अंबाझरीकर (९ ऑगस्ट, १०.१४)

रविवारी त्यांच्याकडे पोहे खायला जाऊन राहिलो. मालवणात भरतनाट्यमचे किती क्लास आहेत ते विचारून आलोय.